डॉ. जेरोम लेज्यून : शोधाची जबाबदारी उचलणारा संशोधक

दरवर्षी २१ मार्च रोजी ‘जागतिक डाऊन सिंड्रोम दिन’ पाळला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१२ पासून तो आपला मानला आहे. हीच तारीख का, असा प्रश्न अनेकांना पडतो. उत्तर सोपे आहे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीच्या पेशीत मात्र एकविसाव्या क्रमांकाची गुणसूत्रे दोनऐवजी तीन असतात. म्हणून तिसरा महिना आणि एकविसावा दिवस.

ही गोष्ट जगाला कळली १९५९ साली आणि ती ज्यांच्या नावाशी जोडली गेली ते फ्रेंच डॉक्टर जेरोम लेज्यून. ख्रिस्तसभेने त्यांना ‘वंदनीय’ घोषित केले आहे. पण आज त्यांची ओळख करून देण्यामागे आमचा हेतू वेगळाही आहे. सध्या जनुकांत फेरफार करून अधिक निरोगी, अधिक बुद्धिमान, अधिक बलवान संतती जन्माला घालण्याच्या गोष्टी उघडपणे बोलल्या जातात. अशा वेळी प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाची जबाबदारी कुठे संपते? शोध लावला, प्रसिद्ध केला, पुढे लोक त्याचे काय करतात ते लोकांनी पाहावे, असे त्याने म्हणावे काय? डॉ. लेज्यून यांच्यापुढे हा प्रश्न पुस्तकातून आला नाही. तो त्यांच्या दवाखान्यात, रुग्णांच्या पावलांनी चालत आला.

त्यांचा जन्म १३ जून १९२६ रोजी पॅरिसजवळच्या माँरूज येथे झाला. तेरा वर्षांचे असताना त्यांनी बाल्झाक या लेखकाची खेड्यातल्या डॉक्टरवरची कादंबरी वाचली आणि आपणही गोरगरिबांचा गावचा डॉक्टर व्हायचे असे ठरवले. ते डॉक्टर झाले, पण गावी जाणे राहून गेले. प्रा. रेमाँ तुर्पीन या बालरोगतज्ज्ञांनी त्यांना आपल्या विभागात बोलावले आणि एका विशिष्ट प्रकारच्या मुलांचा अभ्यास त्यांच्यावर सोपवला. १९५२ साली बिर्थे या डॅनिश तरुणीशी त्यांचा विवाह झाला. त्यांना पाच मुले झाली.

ती ‘विशिष्ट प्रकारची मुले’ कोण होती? जॉन लँग्डन डाऊन या इंग्रज डॉक्टरने १८६६ साली त्यांचे वर्णन केले होते. डोळ्यांच्या ठेवणीवरून त्याने त्यांना मंगोल वंशाचे नाव दिले आणि पुढे शंभर वर्षे तेच नाव चालले. कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. मग तर्क सुरू झाले. आईबापांना गुप्तरोग असेल, बाप दारुडा असेल, आईचे काही चुकले असेल! अशा घरात मूल जन्मले की आई मान खाली घालून फिरे. कुठे मूल घराच्या आतल्या खोलीत ठेवले जाई, कुठे ते संस्थेत टाकून देत. आपल्याकडेही कोणाचे पाप कोणाच्या पदरात पडले अशी कुजबुज ऐकणाऱ्या आया आहेत, हे वेगळे सांगायला नको.

याच्याही पुढची एक काळी बाजू होती. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८३ साली ‘युजेनिक्स’ म्हणजे सुप्रजननशास्त्र हा शब्द घडवला. चांगल्या वाणाची माणसे वाढवावीत, कमअस्सल कमी करावीत, हा त्याचा गाभा. हे काही गल्लीतल्या गुंडांचे डोके नव्हते. मोठमोठे प्राध्यापक, डॉक्टर, समाजसुधारक त्यात होते. अमेरिकेच्या अनेक राज्यांत मतिमंद ठरवलेल्यांची सक्तीने नसबंदी करण्याचे कायदे झाले. नाझी जर्मनीत १९३९ ते १९४१ या काळात अपंग व मनोरुग्ण अशा सत्तर हजारांहून अधिक लोकांना सरकारी योजनेखाली ठार मारण्यात आले आणि कोणाला मारायचे त्या अर्जांवर डॉक्टर खुणा करीत होते. म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी ऑगस्ट १९४१ मध्ये वेदीवरून त्याचा जाहीर निषेध केला. माणूस सुधारण्याच्या शास्त्राचा हा इतिहास जेमतेम दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा होता, तेव्हा तरुण लेज्यून कामाला लागले.

सुरुवात झाली हाताच्या रेषांपासून. भविष्य सांगण्यासाठी नव्हे! या मुलांच्या तळहातावरच्या रेषा इतरांहून वेगळ्या असतात आणि त्या गर्भावस्थेतच, अगदी सुरुवातीच्या महिन्यांत उमटतात. म्हणजे बिघाड जन्माच्या वेळचा नाही, आईच्या वागण्याचाही नाही. तो मुळातलाच आहे, असा निष्कर्ष निघत होता. १९५६ साली स्वीडनमध्ये त्यो आणि लेवान या संशोधकांनी माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात हे पक्के केले. तोपर्यंत सगळे ४८ समजत होते.

इथे एका स्त्रीचे नाव घेतलेच पाहिजे. डॉ. मार्थ गोतिये. त्या बोस्टनहून पेशी वाढवण्याचे तंत्र शिकून परतल्या होत्या आणि तुर्पीन यांच्याच विभागात, त्रुसो रुग्णालयात काम करीत होत्या. हाताशी पैसा नव्हता. पेशी वाढवण्यासाठी लागणारे द्रव्य मिळवायला त्यांनी कोंबडा पाळला आणि स्वतःचे रक्त वापरले. त्यांच्या काचपट्ट्यांवर ४७ वे गुणसूत्र दिसले. त्यांच्याकडे छायाचित्र काढता येईल असा सूक्ष्मदर्शक नव्हता, म्हणून त्या पट्ट्या लेज्यून यांच्याकडे गेल्या. २६ जानेवारी १९५९ रोजी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे निबंध सादर झाला. त्यावर पहिले नाव लेज्यून यांचे, दुसरे गोतिये यांचे आणि शेवटचे तुर्पीन यांचे होते. गोतियेबाईंचे आडनाव तर चुकीचे छापले गेले. पन्नास वर्षांनी, २००९ साली त्यांनी आपली बाजू लिहून काढली. २०१४ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नीतिसमितीने असे मत दिले, की पेशी वाढवण्याचे तंत्र शोधासाठी अत्यावश्यक होते आणि लेज्यून यांचा वाटा सर्वांत मोठा असण्याचा संभव कमी आहे. लेज्यून यांच्या नावाने चालणाऱ्या प्रतिष्ठानला हे मान्य नाही. गोतियेबाई २०२२ साली वारल्या. वंदनीय ठरलेल्या माणसाच्या चरित्रातून ही गोष्ट गाळावी, असे आम्हांला वाटत नाही. श्रेय वाटून घेणे हीदेखील संशोधकाची जबाबदारीच आहे आणि त्या बाबतीत त्या विभागाकडून एका सहकारी स्त्रीवर अन्याय झाला, असे आम्हांला वाटते.

शोधाचा आनंद मात्र खरा होता. माणसाच्या बौद्धिक अपंगत्वाचे मूळ गुणसूत्रात सापडण्याची ही पहिलीच वेळ. हजारो आयांच्या डोक्यावरचे ओझे एका रात्रीत उतरले. ना पाप, ना शाप, ना गुप्तरोग. पेशी विभागताना झालेली एक चूक, जी कोणाच्याही घरी होऊ शकते. ‘मंगोल’ हा शब्द टाकून द्यावा असे पत्र १९६१ साली एकोणीस शास्त्रज्ञांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. त्यांत लेज्यून होते. आपण नाव बदलतो ते केवळ सभ्यतेसाठी नाही. नावाबरोबर माणसाकडे पाहण्याची नजर बदलते.

मानसन्मान आले. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हस्ते त्यांना केनेडी पारितोषिक मिळाले. याच केनेडींची बहीण रोझमेरी बौद्धिकदृष्ट्या मागे होती. तिला ‘सुधारावे’ म्हणून १९४१ साली तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करण्यात आली आणि ती आयुष्यभरासाठी परावलंबी झाली. त्या दिवशी सभागृहात किती जणांना ते ठाऊक होते, कोण जाणे! १९६३ मध्ये लेज्यून यांनी पाचव्या गुणसूत्राचा तुकडा गळाल्याने होणारा आणखी एक विकार दाखवून दिला. त्यात बाळाचे रडणे मांजराच्या आवाजासारखे येते. १९६४ पासून ते पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेत मूलभूत आनुवंशिकीचे प्राध्यापक झाले. पण दवाखाना त्यांनी सोडला नाही. आपल्या रुग्णांना ते नावानिशी ओळखत आणि उपचार सापडेल या आशेवर काम करीत राहिले.

आणि मग त्यांच्याच शोधाने उलटी वाट धरली.

गर्भाशयातल्या पाण्यात बाळाच्या पेशी तरंगत असतात. सुईने ते पाणी काढून पेशी वाढवल्या, तर गुणसूत्रे मोजता येतात हे १९६६ साली अमेरिकेत सिद्ध झाले. १९६८ मध्ये डाऊन सिंड्रोमचे पहिले गर्भजल निदान झाले. उपचार तर नव्हताच. मग निदान कशासाठी? गर्भपातासाठी. तीन गुणसूत्रे मोजण्याचे जे ज्ञान या मुलांना बरे करण्यासाठी मिळवले होते, त्याच्या आधारे ही मुले जन्मालाच येऊ नयेत अशी सोय झाली. दोष द्यायचा तर तो एकट्या डॉक्टरांना देता येणार नाही. आपण गेल्यावर या मुलाचे कोण करील, या भीतीने रात्र रात्र न झोपणारे आईबाप आम्हीही पाहिले आहेत. त्यांची भीती खोटी नाही. लेज्यून यांनाही ती ठाऊक होती, कारण असेच आईबाप रोज त्यांच्या समोर बसत.

ऑक्टोबर १९६९ मध्ये अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांना विल्यम अॅलन पारितोषिक देण्यात आले. आनुवंशिकी शास्त्रातला हा फार मोठा मान. समोर जगातले नामवंत शास्त्रज्ञ बसले होते. चार गोड शब्द बोलून, आभार मानून खाली बसता आले असते. आमच्यासारख्याने तेच केले असते. लेज्यून यांनी भाषणात माणूस म्हणजे काय, हाच विषय काढला. माणसाचा वारसा गर्भधारणेच्या क्षणी पूर्ण होतो, गुणसूत्र एक जास्त असले म्हणून तो माणूस कमी होत नाही आणि रोग संपवण्यासाठी रोग्याला संपवणे हे वैद्यकशास्त्र नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सभागृह थंड पडले. त्या दिवशी आपण नोबेल पारितोषिक गमावले, असे त्यांनी पत्नीला लिहून कळवल्याचे त्यांच्या घरचे सांगतात. नोबेल त्यांना खरोखरच मिळाले नाही.

त्यांची मुलगी क्लारा हिने वडिलांवर पुस्तक लिहिले आहे. त्यात त्या सुमाराची एक आठवण आहे. फ्रान्समध्ये अपंग गर्भाच्या गर्भपाताला परवानगी देणाऱ्या विधेयकावर दूरचित्रवाणीवर चर्चा झाली होती. दुसऱ्या दिवशी डाऊन सिंड्रोम असलेला दहा वर्षांचा एक मुलगा दवाखान्यात आला आणि रडत रडत त्यांच्या गळ्यात पडला. आदल्या रात्री त्याने आईबापांबरोबर कार्यक्रम पाहिला होता. आम्हांला मारणार आहेत, आम्ही लहान आहोत, आम्हांला स्वतःला वाचवता येत नाही, तुम्ही आम्हांला वाचवा, असे त्याचे मागणे होते. त्या दिवसापासून लेज्यून यांनी सभांतून, वर्तमानपत्रांतून, संसदेच्या समित्यांपुढे या मुलांची बाजू मांडण्याचे काम अंगावर घेतले.

किंमत द्यावी लागली. वैद्यकीय महाविद्यालयाच्या भिंतींवर त्यांच्याविरुद्ध घोषणा रंगवल्या गेल्या. परिषदांची आमंत्रणे आटली. १९७५ साली फ्रान्समध्ये गर्भपाताचा कायदा झाला. १९८० च्या दशकात त्यांच्या प्रयोगशाळेचे सरकारी पैसे थांबले आणि परदेशातून आलेल्या मदतीवर काम चालवावे लागले. त्यांची भाषा कधी कधी फार कडक होती हे खरे आणि ती ऐकून दुखावलेल्या स्त्रियाही होत्या. पण आपल्या शोधाशी माझा आता संबंध नाही, असे ते कधी म्हणाले नाहीत. शोध लावल्याचा पश्चात्ताप करून प्रयोगशाळेला कुलूपही त्यांनी लावले नाही. दोन्ही वाटा सोप्या होत्या.

हे सारे फ्रान्स-अमेरिकेत घडले, म्हणून आपण हात झटकू शकत नाही. गर्भजल परीक्षा भारतात १९७५ च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आली, तीही गर्भातले व्यंग ओळखण्यासाठीच. काही वर्षांतच ती व्यंग सोडून मुलगा की मुलगी हे सांगू लागली. मुंबईत आणि इतर शहरांत दवाखाने निघाले. गर्भलिंग निदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ साली आपल्या महाराष्ट्रानेच केला आणि सप्टेंबर १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. तरीही २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या आणि २०११ मध्ये ८९४ उरल्या. व्यंग असलेले मूल नको, हे एकदा मान्य झाले की ‘नको’च्या यादीत पुढे कोणाचे नाव येईल हे यंत्र ठरवत नाही, घरातली माणसे ठरवतात. यादी लिहायला सुरुवात करणारे बहुधा सुशिक्षितच असतात.

लेज्यून यांची जबाबदारीची जाणीव केवळ गर्भापुरती नव्हती. १९५७ पासून ते अणुकिरणांचे परिणाम तपासणाऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीत तज्ज्ञ म्हणून जात होते. डिसेंबर १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी अणुयुद्धाचे धोके समजावून सांगण्यासाठी शास्त्रज्ञांची शिष्टमंडळे मोठ्या देशांच्या प्रमुखांकडे पाठवली. मॉस्कोला ब्रेझनेव यांच्या भेटीला गेलेल्यांत लेज्यून होते. अणुबाँब पडल्यावर डॉक्टरांच्या हातात काहीही उरणार नाही, हे शास्त्रज्ञांनीच राज्यकर्त्यांना सांगायला हवे, अशी ती भूमिका होती.

ऑगस्ट १९८९ मध्ये ते अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात मेरीव्हिल या छोट्या गावच्या न्यायालयात साक्ष द्यायला गेले. एका जोडप्याचा घटस्फोट चालू होता आणि प्रयोगशाळेत तयार करून गोठवून ठेवलेल्या त्यांच्या सात भ्रूणांचे काय करायचे, हा वाद होता. त्या भ्रूणांना घरातल्या सामानासारखे वाटून घ्यायचे काय? ती मानवी जीवनाची सुरुवात आहे, मालमत्ता नव्हे, असे लेज्यून यांनी विज्ञानाच्या भाषेत मांडले. खालच्या न्यायालयाने ते मानून भ्रूण आईच्या ताब्यात दिले. १९९२ साली टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र निकाल फिरवला.

फेब्रुवारी १९९४ मध्ये पोपमहोदयांनी जीवनविषयक पोंटिफिकल अकादमी स्थापन केली आणि लेज्यून यांना पहिले अध्यक्ष नेमले. तेव्हा ते फुप्फुसाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळले होते. आपल्या रुग्णांना बरे करण्याचे काम अंगावर घेतले होते आणि उपचार न सापडताच आपण चाललो, याचे त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटत होते. ३ एप्रिल १९९४ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी सकाळी, त्यांनी प्राण सोडला. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये त्यांची अंत्ययात्रेची मिस्सा झाली. डाऊन सिंड्रोम असलेला त्यांचा एक जुना रुग्ण तिथे ध्वनिक्षेपकापुढे उभा राहिला आणि आपल्या डॉक्टरांचे त्याने आभार मानले. ऑगस्ट १९९७ मध्ये युवा दिनासाठी पॅरिसला आलेले पोप जॉन पॉल दुसरे शालो-सेन-मार्स या खेड्यातल्या त्यांच्या कबरीवर प्रार्थनेला गेले. २१ जानेवारी २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने ते वंदनीय घोषित झाले.

त्यांच्या मागे विज्ञान थांबलेले नाही. २०११ पासून आईच्या रक्ताच्या थोड्याशा नमुन्यावरून बाळाची गुणसूत्रे तपासणाऱ्या चाचण्या बाजारात आल्या. बिर्थे लेज्यून यांच्या माहेरी, डेन्मार्कमध्ये, २००४ पासून प्रत्येक गरोदर स्त्रीला तपासणी देऊ केली जाते आणि डाऊन सिंड्रोम असलेली बाळे तिथे आता फार थोडी जन्मतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनच्या हे जियानकुई या संशोधकाने जनुके बदललेल्या जुळ्या मुली जन्माला आल्याचे जाहीर केले. त्या मुली आजारी नव्हत्या. त्यांना एड्सच्या विषाणूची बाधा होऊ नये म्हणून गर्भधारणेच्या वेळीच त्यांच्यात सुधारणा केली, असे त्याचे म्हणणे होते. जगभरच्या शास्त्रज्ञांनी निषेध केला आणि चिनी न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा दिली. तो बदल त्या मुलींबरोबर वाढणार आहे आणि त्यांच्या मुलाबाळांतही उतरू शकतो. तो हवा का, हे त्यांना कोणी विचारले नव्हते.

जनुके कापण्याचे त्याचे जे हत्यार होते, तेच २०२५ साली जपानच्या मिए विद्यापीठातल्या संशोधकांनी हाती घेतले आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतून एकविसाव्या क्रमांकाचे जादा गुणसूत्र काढून टाकले. त्याआधी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात प्रा. जीन लॉरेन्स यांच्या गटाने हे जादा गुणसूत्र पेशीतच निद्रिस्त करून दाखवले होते. दोन्ही प्रयोग पेशींवरचे आहेत. रुग्णापर्यंत पोचायला अजून पुष्कळ अवकाश आहे. १९४० च्या दशकात डाऊन सिंड्रोम असलेले मूल सरासरी बारा वर्षेही जगत नसे. हृदयाच्या शस्त्रक्रिया झाल्या, औषधे आली, घरच्यांची माया मिळाली आणि आज प्रगत देशांत त्यांचे सरासरी आयुष्य साठ वर्षांच्या आसपास गेले आहे. पॅरिसमध्ये डॉ. लेज्यून यांच्या नावाच्या संस्थेत अशा हजारो रुग्णांची तपासणी होते. त्यांत तान्ही बाळे असतात, तशी केस पिकलेली माणसेही असतात.